डोळा तिरळा आहे? नेहमी विचारले जाणारे प्रश्न, आणि जे कुणी उघड विचारत नाही ते पण

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. माझा डावा डोळा मी चार वर्षांची असल्यापासून बाहेर जायचा, ऑपरेशन झालं तेव्हा मी ३३ ची होते. मधल्या २९ वर्षांत जे ऐकलं, वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून हैराण केलं ते सगळं इथे आहे. आता नात्यात कुणाचं बाळ जरा वाकडं बघितलं की पहिला फोन मला येतो आणि मी तेच तेच व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करत बसते, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय.

तिरळेपणा म्हणजे नक्की काय होतं?

दोन्ही डोळे एकाच वेळी एकाच गोष्टीकडे वळत नाहीत, एवढंच. प्रत्येक डोळ्याला बाहेरून सहा स्नायू असतात आणि दोन्ही डोळ्यांचे मिळून बारा स्नायू मेंदू एकत्र हाकतो. बैलजोडीसारखं समजा, एक बैल रस्त्याने आणि दुसरा बांधाकडे ओढतोय. पण लहान मुलांत बऱ्याचदा बैल कमजोर नसतो, हाकणाऱ्याचाच ताळमेळ चुकतो, म्हणजे स्नायू धडधाकट असतो आणि मेंदूचा कंट्रोल नीट बसलेला नसतो. डोळा नाकाकडे गेला तर फाईलवर ईसोट्रोपिया लिहितात, कानाकडे गेला तर एक्झोट्रोपिया, वर गेला तर हायपरट्रोपिया. नावं भारी आहेत, घाबरू नका. आणि हे दुर्मिळही नाही, साधारण शंभर मुलांमागे दोन ते चार मुलांना असतंच.

बाळ दोन महिन्यांचं आहे, मधेच डोळे तिरके करतं. धावत जाऊ का?

मधेच होत असेल आणि लगेच सरळ येत असेल तर तीन-चार महिन्यांपर्यंत ते चालतं, बाळाला डोळे एकत्र वापरायला अजून यायचं असतं. पण डोळा कायमच एका बाजूला अडकलाय असं दिसलं, किंवा चार महिने उलटले तरी चालूच आहे, तर मग दाखवा.

सगळे म्हणतात तिरळं दिसतंय, डॉक्टर म्हणाले काहीच नाही. कोण खरं?

बहुतेक डॉक्टरच. बाळांचं नाक बसकं असतं आणि डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यात कातडीची घडी असते, त्यामुळे आतलं पांढरं झाकलं जातं आणि डोळे आत गेल्यासारखे वाटतात. नाक वर आलं की ते दिसणं जातं. घरी बघायचं असेल तर बाळ सरळ कॅमेऱ्याकडे बघत असताना फ्लॅशने फोटो काढा. दोन्ही बुबुळांवर प्रकाशाचा बारीक ठिपका उमटतो, तो दोन्हीकडे एकाच जागी असेल तर बहुधा भास आहे, एकीकडे मधोमध आणि दुसरीकडे कडेला असेल तर खरा तिरळेपणा.

आणि याच फोटोत एक दुसरी गोष्ट पण बघा, हे मी सगळ्यांना दोनदा सांगते. बाहुली एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरट चमकतेय असं दिसलं तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मोतीबिंदू लहान बाळांनाही होतो, आणि क्वचित डोळ्याच्या आत कॅन्सरची गाठ असते जिची पहिली खूण नुसता तिरळेपणा किंवा ही पांढरी चमक असते. बऱ्याचदा काही निघत नाही. तरी जा.

आजी म्हणते पाळण्यावर चिमणाळं जवळ बांधलं म्हणून झालं

माझ्या आजीचं म्हणणं होतं की दिवा माझ्या डोक्यामागे ठेवायचे, मी मान उलटी करून त्याच्याकडे बघायचे आणि डोळा तसाच राहिला. दुसऱ्या बाजूच्या आजीचं म्हणणं आई गरोदरपणात कुणाला तरी हसली. दोन्हीत तथ्य नाही. दिव्याने, चिमणाळ्याने, ग्रहणाने, टाळूवर तेल कमी घातल्याने डोळा तिरळा होत नाही. खरी कारणं म्हणजे घराण्यात असणं, मोठा प्लस नंबर, कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ, एका डोळ्याला कमी दिसणं, मेंदूचे किंवा नसांचे काही आजार, आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही कारण सापडत नाही. पण एक गोष्ट नक्की, आईने काही केलं म्हणून झालेलं नाही. हे वाक्य घरात जरा मोठ्याने वाचा.

आणि हो, डोळ्यात मध घालू नका. कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी.

मोठा झाला की आपोआप जातो ना?

नाही. याच एका वाक्याने माझी २९ वर्षं घेतली म्हणून इथे जरा लांबण लावते.

मोठ्या माणसाचा डोळा अचानक तिरळा झाला तर त्याला एकाचे दोन दिसतात. लहान मुलाला दिसत नाहीत, कारण त्याचा मेंदू हुशारी करतो आणि तिरळ्या डोळ्याकडून येणारं चित्र बंद करून टाकतो. त्रास नाही, तक्रार नाही, पोरगं आनंदात खेळतंय, घरचे म्हणतात बघू पुढे. पण तो डोळा वापरातच नसल्यामुळे त्याची नजर तयार होत नाही. याला आळशी डोळा म्हणतात. मला हा शब्द आवडत नाही कारण डोळा बिचारा ठणठणीत असतो, मेंदूने त्याला वाळीत टाकलेलं असतं. ह्यूबेल आणि वीझेल या दोन शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवून दाखवलं होतं की लहानपणी एक डोळा वापरला नाही तर मेंदूतली त्याची जागा दुसरा डोळा बळकावतो, पुढे तो उघडला तरी फारसा उपयोग होत नाही. १९८१ चं नोबेल मिळालं त्यांना. पिल्लांची दया येते, पण त्यामुळेच आज डॉक्टर आईबापांना सांगतात की थांबू नका.

सात वर्षांच्या आत उपचार झाला तर नजर सगळ्यात चांगली परत येते. सात ते बारा वयातही फायदा होतो, म्हणून आठ वर्षांचा झालाय आता काय उपयोग असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. माझ्या बाबतीत डोळा सुरुवातीला फक्त दमल्यावर, तंद्री लागली की, किंवा उन्हात गेल्यावर बाहेर जायचा आणि मी उन्हात एक डोळा मिटून चालायचे. सगळ्यांना ती माझी स्टाईल वाटायची! फोटोत सुद्धा तशीच आहे सगळीकडे, एक डोळा मिटलेली. आता कळतं की बाहेर जाणाऱ्या तिरळेपणाची अगदी पाठ्यपुस्तकी खूण होती ती.

तिरळा डोळा लकी असतो म्हणतात

माझ्या मावशीनेही हेच सांगितलं होतं. लॉटरी अजून लागलेली नाही.

कुणाकडे दाखवायचं? चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर तपासलं तर चालेल का?

नाही चालणार. डोळ्यांचे डॉक्टर लागतात, आणि शक्यतो लहान मुलांचे आणि तिरळेपणाचे स्पेशल. जिल्ह्याच्या ठिकाणी साधे नेत्रतज्ज्ञ पहिली तपासणी करून पुढे पाठवू शकतात. मुंबईत जे.जे., पुण्यात ससून आणि एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय, गोव्यात बांबोळीचं मेडिकल कॉलेज, आणि आमच्या लातूर-नांदेडकडचे लोक रात्रीची गाडी पकडून हैदराबादला एल. व्ही. प्रसादला जातात.

शाळेत आणि अंगणवाडीत मुलं तपासायला डॉक्टरांची गाडी येते ना, तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. देशभर निघालेली ही योजना २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरमधून सुरू झाली. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि पुढचे उपचार मोफत मिळण्याची सोय आहे. तपासणीच्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि बाईंना आधीच सांगून ठेवा की डोळ्याचं विचारायचंय.

तपासणीला किमान अर्धा दिवस धरा. एकेक डोळा झाकून-उघडून बघतात, प्रिझमच्या काचा धरून डोळा किती सरकतो ते मोजतात, एका चित्रात मोठी माशी असते आणि खास चष्मा लावला की तिचे पंख वर आलेले दिसतात, मूल पंख चिमटीत धरायला गेलं म्हणजे खोली, काय जवळ आणि काय लांब ते, कळतेय. मी ३३ व्या वर्षी त्या माशीवर सपाट बोट ठेवलं होतं. आणि नंबर काढायला डोळ्यात औषध घालतातच. छोट्या मुलांना कधी तीन दिवस घरी अ‍ॅट्रोपिनचं मलम लावायला देतात. मलम तोंडात जाऊ देऊ नका, चेहरा लाल झाला किंवा ताप आला तर बंद करून डॉक्टरांना फोन करा. बाहुली नंतर आठ-दहा दिवस मोठी राहते, उन्हाचा त्रास होतो, जवळचं वाचता येत नाही, म्हणून परीक्षेच्या आठवड्यात ही अपॉइंटमेंट घेऊ नका.

नुसत्या चष्म्याने डोळा सरळ होतो? खरंच?

काही मुलांत अगदी जादूसारखा होतो. मूल दोन-तीन वर्षांचं झालं आणि डोळा आत जायला लागला, तपासलं तर प्लस नंबर निघाला, अशी केस असेल तर. झालंय काय की प्लस नंबरवालं मूल स्पष्ट बघायला डोळ्याच्या आतल्या भिंगावर जोर लावतं, आणि जोर लावला की डोळे आत वळणं हे मेंदूत एकाच दोरीला बांधलेलं आहे. चष्म्याने जोर लावायची गरज संपते, डोळा सरळ. चष्मा काढला की परत आत. मग लोक म्हणतात चष्म्याची सवय लागली, चष्म्याने बिघडवलं. नाही हो! चष्मा घातल्यावर सरळ आणि काढल्यावर तिरळा, म्हणजे चष्मा काम करतोय. दिवसभर घालायचा, फक्त शाळेत नाही.

पट्टी चांगल्या डोळ्यावर लावायला सांगितली, डॉक्टर चुकले का?

नाही, चांगल्यावरच. चांगला डोळा झाकला की आळशी डोळ्याला काम करावंच लागतं. आणि नीट ऐका, पट्टी नजर सुधारते, डोळा सरळ करत नाही. सहा महिने पट्टी लावली तरी तिरळाच आहे म्हणून चिडून सोडून देणारे आईबाप मी पाहिलेत, आणि तेवढ्यात नजर मात्र अक्षरांच्या तक्त्यावर दोन ओळी सुधारलेली असते.

मध्यम प्रकारात रोज दोन तास पुरतात, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात २००३ मध्ये दिसलं, दोन तास आणि सहा तास यात फारसा फरक निघाला नाही. जास्त कमजोर डोळ्याला जास्त तास लागतात, ते डॉक्टर ठरवतील. पट्टी कातडीला चिकटवायची, चष्म्यावर लावली की पोरं बाजूने डोकावतात. त्या दोन तासांत रंगवणं, तांदूळ निवडणं, मणी ओवणं असलं बारीक काम द्या. माझी भाची तर पट्टी लावून शेंगा सोलत बसायची आणि निम्म्या खायची. काहीच जमलं नाही तर चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचा थेंब टाकून तो मुद्दाम धूसर करतात, तोही तितकाच चालतो. तारखा मात्र चुकवू नका, जास्त झाकून चांगला डोळा कमजोर होऊ शकतो.

व्यायामाने जातो का? व्हिडिओ बघितलाय

कायमचा, मोठ्या अंशाचा तिरळेपणा व्यायामाने जात नाही. तळवे चोळून डोळ्यावर ठेवल्याने बरं वाटतं, डोळा जागेवर येत नाही. एक प्रकार आहे जिथे व्यायाम खरंच उपयोगी पडतो, वाचताना डोळे जवळ आणायची ताकद कमी पडते, डोकं दुखतं, ओळी एकमेकांत मिसळतात. तिथे ऑर्थोप्टिस्टसमोर (डोळ्यांचे असे व्यायाम करून घेणारे तज्ज्ञ) बसून केलेले व्यायाम चांगले लागू पडतात, घरी नुसती पेन्सिल नाकाजवळ आणत बसण्यापेक्षा जास्त.

मोबाईलमुळे होतो का?

प्रत्येकाला नाही. पण कोरियातल्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये अशा १२ मुलांबद्दल लिहिलं की जी महिनोन्महिने रोज चार तासांच्या वर फोन डोळ्याजवळ धरून बघत होती आणि त्यांचा डोळा अचानक आत गेला. फोन कमी केल्यावर काहींचा कमी झाला, काहींना ऑपरेशन लागलं. तेव्हा जेवताना फोन देताय त्यांनी एवढं तरी करा की फोन हातभर लांब ठेवा.

ऑपरेशनमध्ये डोळा बाहेर काढतात का हो?

हा प्रश्न मला स्वतःला भूल द्यायच्या टेबलावर पडला होता! नाही काढत. डोळा जागेवरच असतो, वरचा पातळ पडदा उघडून स्नायू सोडवतात आणि मागे नेऊन शिवतात म्हणजे तो ढिला पडतो, किंवा थोडा कापून आखूड करून शिवतात म्हणजे जोर वाढतो. सगळा हिशोब मिलिमीटरमध्ये. बर्लिनमध्ये डिफेनबाख नावाच्या सर्जनने १८३९ मध्ये सात वर्षांच्या मुलाचं केलं होतं, आणि तेव्हा भूल नव्हती हे वाचून मला माझी भीती जरा लाजिरवाणी वाटली.

मुलांना पूर्ण भूल देतात, मोठ्यांचं कधी इंजेक्शन देऊन जागेपणी पण होतं. बहुतेक वेळा संध्याकाळी घरी. स्नायू ओढला की नाडी एकदम मंद होऊ शकते, त्यासाठी भूलतज्ज्ञ डोळ्यात तेल घालून बसलेले असतात (सॉरी, पण म्हण बसली). टाके आपोआप विरघळतात. पहिले चार दिवस डोळ्यात वाळू गेल्यासारखं, सकाळी पापण्या चिकटलेल्या, डोळा लालभडक, लाली जायला मला तीन आठवडे लागले. डोक्यावरून अंघोळ आणि पोहणं बंद, किती दिवस ते डॉक्टर सांगतील. मला पहिले दहा दिवस एकाचे दोन दिसत होते, जिना उतरताना भिंत धरून, मग एके दिवशी लक्षात आलं की आज दोन दिसलेच नाहीत. थोड्या लोकांत हे टिकतं, म्हणून आधी प्रिझम लावून डॉक्टर अंदाज घेतात. संसर्ग किंवा सुई खोल जाणं हे धोके आहेत पण कमी.

आणि चष्मा सुटत नाही! नंबर वेगळा, तिरळेपणा वेगळा.

पुन्हा तिरळा होतो का?

होऊ शकतो. साधारण पाचातल्या एकाला पुढे कधीतरी दुसरं ऑपरेशन लागतं, आधीच मनात ठेवा म्हणजे धक्का बसत नाही आणि डॉक्टरांनी फसवलं असंही वाटत नाही.

आता माझं वय ४० आहे. उशीर झाला ना?

सरळ करायला उशीर कधीच होत नाही. आळशी डोळ्याची नजर या वयात फारशी वाढणार नाही हे खरं. पण डोळा जागेवर येतो, काहींना आजूबाजूचं क्षेत्र वाढतं, काहींना खोली थोडी कळायला लागते. मला परत ती माशी दाखवली तेव्हा पंख किंचित, अगदी किंचित वर आले. सुईत दोरा अजून तिसऱ्या झटक्यात जातो, आधी सातव्या जायचा.

मोठेपणी अचानक तिरळा झाला, दोन दिसतात. काय करू?

हे वाचणं थांबवा आणि जा. डायबिटीस, बीपी असलेल्यांत डोळ्याची एखादी नस तात्पुरती बंद पडते, बहुतेकदा तीन-चार महिन्यांत भरून येते, तोवर एक काच झाकून किंवा चष्म्यावर प्रिझम चिकटवून भागवतात. थायरॉइडनेही होतं. पण पापणी पडलीय, बाहुली मोठी झालीय, डोकं जोरात दुखतंय, किंवा तोंड वाकडं, हातपाय लुळे, बोलणं अडखळतंय, तर उद्या सकाळी नाही, आत्ता, मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

नस भरून यायची वाट बघताना कधी बोटॉक्सचं इंजेक्शन देतात. हो, सुरकुत्यांवालंच. उलट आहे खरं तर, सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅलन स्कॉट नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते तिरळेपणासाठीच तयार केलं, १९८९ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली ती डोळ्यांसाठी, सुरकुत्या फार नंतर आल्या.

भरतीत अडतं का?

अडतं. एसएससी जीडीसारख्या (केंद्रीय दलांतल्या शिपायांच्या) भरतीत गुडघे चिकटणं, सपाट तळवे यांच्याबरोबर तिरळेपणा नसावा असं स्पष्ट लिहिलेलं असतं, सैन्यातही दिसणारा तिरळेपणा चालत नाही. पोरं दोन वर्षं पहाटे उठून १६०० मीटर पळतात आणि मेडिकलला परत येतात, फार वाईट वाटतं. ग्राउंडची तयारी सुरू करायच्या आधीच डोळे दाखवा, ऑपरेशन करून वेळ जाऊ द्या, आणि त्या वर्षीच्या जाहिरातीत मेडिकलचे नियम स्वतः वाचा, नजरेची अट वेगळी असते.

विमा कंपनी म्हणते हे कॉस्मेटिक आहे

मलाही म्हणाली. पहिला क्लेम नाकारला. मग डॉक्टरांकडून पत्र आणलं, त्यात किती प्रिझम डायऑप्टरचा (हे तिरळेपणा मोजायचं माप) तिरळेपणा, दोन्ही डोळे एकत्र काम करत नाहीत, वाचताना दोन दिसतात हे सगळं लिहिलेलं, तपासणीचे कागद जोडले, दुसऱ्यांदा पास झाला. जागेवर नसलेला अवयव जागेवर आणणं हे कॉस्मेटिक कसं, हाड मोडल्यावर पण म्हणा मग. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा, पॅकेजची यादी बदलत असते, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा.

मुलीचं लग्न ठरवायचंय, सांगावं का?

लपवून काय होणार, चेहऱ्यावरच आहे. माझे बायोडेटाचे सगळे फोटो बाजूने काढलेले होते, फोटोग्राफरला आईने आधीच सांगून ठेवलेलं. बघायला आलेल्या एका काकूंनी विचारलं, मुलगी आमच्याकडे बघत का नाही? मी त्यांच्याकडेच बघत होते. ऑपरेशन करायचं तर मुलीला हवंय म्हणून करा, पाहुणे यायचेत म्हणून नको, आणि लाली जायला महिना तरी धरा.

शाळेत चिडवतात

चिडवतात, चकणा, हेकणा, लंडन टू टोकियो, सगळं ऐकलंय. बाईंना भेटा. पण घरात लाडाने सुद्धा ते नाव ठेवू नका, मला सगळ्यात जास्त लागलेलं नाव शाळेतलं नव्हतं.

तिरळ्या माणसाशी बोलताना कुठल्या डोळ्यात बघायचं? विचारायला लाज वाटते

जो डोळा तुमच्याकडे बघतोय त्यात. तो कुठला ते कळत नसेल तर खुशाल विचारा, मी तरी सांगायचे, उजव्यात बघ. फक्त बोलता बोलता मागे वळून बघू नका की ही नक्की कुणाशी बोलतेय. मागे कुणी नसतं.